युद्धोत्तर न्याय : एका सिद्धांताची सुरतेच्या भूमीवर परीक्षा

युद्धासंबंधी ख्रिस्ती नीतिशास्त्राने दोन प्रश्न फार पूर्वीपासून विचारले आहेत. शस्त्र केव्हा उचलावे हा पहिला, आणि उचललेले शस्त्र कोणत्या मर्यादेत चालवावे हा दुसरा. शस्त्र खाली ठेवल्यानंतर न्यायाचे काय, हा तिसरा प्रश्न मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिला. गेल्या काही दशकांत या तिसऱ्या प्रश्नाचे स्वतंत्र शास्त्र उभे राहत आहे. कॅनडातील तत्त्वज्ञ ब्रायन ओरेंड यांनी त्याची आधुनिक मांडणी केली. मार्क ऑलमन व टोबायस विनराइट या दोन कॅथलिक धर्मशास्त्रज्ञांनी 'आफ्टर द स्मोक क्लिअर्स' (२०१०) या ग्रंथात तिला ख्रिस्ती चिंतनाची जोड दिली. आमच्या पाळकांना व प्रचारकांना या विचाराचा परिचय असावा, आणि तो स्वीकारण्यापूर्वी आपल्या भूमीवर त्याची परीक्षा व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

परीक्षेसाठी आम्ही सुरतेचा परिसर निवडला आहे. भेस्तान हे सुरतेच्या दक्षिणेस, उधना व सचिन यांच्या दरम्यानचे रेल्वे स्थानक. या पट्ट्यात खानदेशातून मागांवर आणि कापडाच्या गिरण्यांत कामासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. येथे धूर दिसतो तो गिरण्यांचा. युद्धाचा धूर या आसमंतातून विरून दोन शतके लोटली. तथापि मराठ्यांच्या व इंग्रजांच्या इतिहासातील एका मोठ्या युद्धाचा करार याच सुरतेच्या नावाने ओळखला जातो. युद्धानंतर न्याय होतो म्हणजे काय होते, आणि काय व्हावयाचे राहून जाते, हे पाहण्यास ही जागा अनुचित नव्हे.

१. सिद्धांताचे स्वरूप

हा विचार अगदी नवा नाही. संत ऑगस्तीनने रोमी सेनाधिकारी बोनिफास यास लिहिलेल्या पत्रात युद्धाचा हेतू शांती हाच असावा आणि पराजितावर दया करावी असे बजावले होते. १५३९ मध्ये सालामांकाच्या विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने सांगितले की, विजय मिळाल्यावर विजेत्याने नम्रतेने व संयमाने वागावे आणि फिर्यादी म्हणून नव्हे तर दोन राज्यांमधील न्यायाधीश म्हणून आसनावर बसावे. १७९७ मध्ये कांटने युद्धानंतरच्या हक्कांचा निराळा विचार केला.

आधुनिक सिद्धांतकार यावर अधिक व्यवस्थित इमारत उभारतात. ऑलमन व विनराइट यांच्या मते युद्धानंतरच्या न्यायाची चार अंगे आहेत. ज्या न्याय्य कारणासाठी युद्ध केले ते साध्य करून तेथेच थांबणे, हे पहिले. शत्रुत्व संपवून समेट घडविणे, हे दुसरे. अपराध्यांना जाहीर व निःपक्षपाती रीतीने दंड करणे, हे तिसरे. उद्ध्वस्त झालेले जीवन, राज्यव्यवस्था, उपजीविका आणि भूमीसुद्धा पुन्हा सावरणे, हे चौथे. केवळ तहावर सही झाली म्हणून कर्तव्य संपले असे मानू नये, हा या ग्रंथाचा आग्रह मोलाचा आहे. समेटाला त्यांनी दिलेले स्थान तर ख्रिस्ती वाचकास मनापासून मान्य व्हावे असेच आहे.

मग परीक्षा कशाची? आमच्या मते या सिद्धांताची भाषा मुख्यतः विजेत्याला उद्देशून आहे. काय द्यावे, कोणास दंडावे, केव्हा थांबावे, हे सर्व सामर्थ्यवानास सांगितलेले आहे. हे सांगणे आवश्यक आहेच. परंतु न्याय कोणी द्यावा एवढ्यावरच नजर खिळली, म्हणजे तो कोणास पोहोचला हे पाहण्याचे राहून जाते.

२. सुरतेचा तह आणि अंमलात न आलेला निवाडा

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याची गारद्यांनी हत्या केली. संशय त्याचा चुलता रघुनाथराव याच्यावर आला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी नव्या पेशव्याच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्ताचा निवाडा सांगितला आणि पुणे सोडले, ही परंपरा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. पुढे बारभाईंनी रघुनाथरावास पदच्युत केले. तो गुजरातेत उतरला आणि मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी त्याने सुरतेचा तह केला. इंग्रजांनी अडीच हजार सैन्य द्यावे. त्याच्या मोबदल्यात साष्टी व वसई त्यांना मिळावी आणि सुरत व भडोच प्रांतांच्या महसुलाचा हिस्साही त्यांच्याकडे जावा, असे ठरले. न्यायाधीशाने ज्यास दोषी ठरविले त्यास गादीवर बसविण्याचा हा करार होता, आणि त्याची किंमत सुरतेभोवतीच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून चुकती व्हावयाची होती.

त्यातून पेटलेले युद्ध सात वर्षे चालले. पुरंदरचा तह (१७७६) मोडला, वडगावचा (१७७९) नाकारला गेला, आणि अखेरीस मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. सिद्धांताच्या पहिल्या कसोटीवर हा तह वाईट नाही. दोन्ही पक्ष थांबले आणि पुढे वीस वर्षे त्यांच्यात मोठे युद्ध झाले नाही. पण दंडाचे काय? रघुनाथरावास दरमहा पंचवीस हजार रुपयांचे वेतन ठरले. तो कोपरगावी राहिला व १७८३ च्या अखेरीस मरण पावला. हत्येस प्रत्यक्ष हात लावणाऱ्यांपैकी काहींना देहदंड झाला. ज्याच्यासाठी हात उचलला गेला त्यास वेतन मिळाले.

येथे घाईने निवाडा देणे आम्हांस उचित वाटत नाही. रामशास्त्र्यांचा निवाडा अंमलात आणण्याचा हट्ट धरला असता तर युद्ध आणखी कित्येक वर्षे रेंगाळले असते आणि मेली असती ती रयतच. नाना फडणीस व महादजी शिंदे यांनी शांती विकत घेतली; किंमत होती एका निवाड्याचे मौन. जगातील बहुतेक तहांत हा व्यवहार होतो. सिद्धांतकार दंड व समेट ही दोन अंगे शेजारी शेजारी ठेवतात. प्रत्यक्षात ती अनेकदा एकमेकांच्या गळ्याशी असतात. दोहोंपैकी एकाचा त्याग करणे भागच पडले तर ते उघडपणे, त्यागाला त्याग म्हणून करावे. सालबाईचा सल आम्हांस हाच वाटतो. तडजोड झाली याचा नव्हे, तर तडजोडीला न्यायाचे नाव मिळाले याचा.

आणखी एक गोष्ट. भेस्तानच्या पुढचे स्थानक सचिन. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील वारसाहक्काच्या कलहातून पेशव्यांशी एक करार झाला. एका सिद्दी दावेदाराने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस लिहून दिला आणि मोबदल्यात त्यास सुरतेजवळची गावे मिळून सचिन संस्थान निर्माण झाले. जंजिरा पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही. सचिनचे संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकले. कोकणातील किल्ल्याच्या भांडणात दक्षिण गुजरातेतील गावे नाण्यासारखी मोजून दिली गेली. त्या गावांना कोणी विचारले नाही. तहाच्या बैठकीस ज्यांची शेते उपस्थित असतात पण जे स्वतः उपस्थित नसतात, त्यांच्यासाठी या सिद्धांतात स्पष्ट स्थान आम्हांस आढळत नाही.

३. पक्ष दोनच असतात काय?

सिद्धांत एक विजेता व एक पराजित गृहीत धरतो. १८१८ साली पेशवाईचा अस्त झाला तेव्हा पराजित कोण झाले? साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्यात एल्फिन्स्टनने लोकांच्या मालमत्तेस व धर्मसंस्थांस अभय दिले. जहागिरी व इनामे बहुतांशी राखली गेली, विद्वान ब्राह्मणांची दक्षिणा चालू राहिली, साताऱ्याच्या छत्रपतींस राज्य मिळाले. संयम, प्रमाणबद्धता, पुनर्स्थापना या सर्व कसोट्यांवर त्या काळच्या मानाने ही व्यवस्था पुष्कळ उतरते. पण पुनर्स्थापना कोणत्या स्थितीची? ज्या समाजरचनेत महार, मांग व इतर अस्पृश्य मानलेल्या जातींना विहिरीचे पाणी नव्हते आणि देवळाची पायरी नव्हती, तीच रचना सावधगिरीने जपली गेली.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगाव येथे कंपनीच्या बाजूने लढलेल्यांत महार शिपायांचा भरणा मोठा होता. त्यांच्या दृष्टीने त्या दिवशी कोण हरले? १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा ते इंग्रजांच्या विजयाचा उत्सव करण्यास गेले नव्हते. आपल्या लोकांच्या विसरलेल्या पौरुषाची आठवण करून देण्यास गेले होते. आणि विजेत्याने तरी त्या शिपायांचे काय केले? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची लष्करभरती बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांना १९१० मध्ये अर्ज करावा लागला. ज्यांच्या रक्ताने विजय मिळाला तेही विजेते ठरले नाहीत.

आम्ही हे विस्ताराने लिहितो, कारण महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीचा फार मोठा भाग याच घरांतून आलेला आहे. पूर्वस्थिती परत आणणे म्हणजे न्याय, असे या लोकांना कोणी सांगू नये. युद्धापूर्वीची स्थिती पुरेशी नसते, हे काही सिद्धांतकारही मान्य करतात. परंतु अधिक न्याय्य स्थिती कोणती हे ठरविण्याचा अधिकार ते पुन्हा राज्यकर्त्यांच्याच हाती देतात.

खानदेशात हेच निराळ्या रूपाने घडले. होळकरांच्या युद्धांनी व १८०३-०४ च्या दुष्काळाने उजाड झालेल्या त्या मुलखात १८१८ नंतर भिल्लांशी इंग्रजांचा संघर्ष सुरू झाला. प्रथम बंदुकीचा उपाय झाला. तो फसल्यावर १८२५ पासून धोरण बदलले. आऊट्रमने भिल्लांची पलटण उभारली, काहींना जमीन व तगाई मिळाली, जुने अपराध माफ झाले. शस्त्रापेक्षा बियाणे अधिक शांती आणते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. तथापि १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारी राखीव रानांत वनवासी माणसाच्या परंपरागत हक्कांना कात्री लागली. एका पिढीस दिलेला न्याय पुढच्या पिढीकडून परत घेता येतो. यास्तव युद्धोत्तर न्यायाची मुदत किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

४. विजेता न्यायासनावर

व्हितोरियाचा सल्ला उदात्त आहे. पण आपल्याच वादात न्यायाधीश होणे मनुष्यास कितपत साधते? दुसऱ्या महायुद्धानंतर तोक्यो येथील खटल्यात भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी १९४८ मध्ये हाच आक्षेप घेतला. जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी नाकारले नाहीत. परंतु विजेत्यांनी स्वतःच्या कृत्यांस न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले असता त्या न्यायास न्याय म्हणता येईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. सर्व आरोपी निर्दोष, हा त्यांचा निष्कर्ष आम्हांस पटत नाही. विजेत्यांचा दोष मोठा असला तरी त्यामुळे बळी पडलेल्यांचे दुःख निकाली निघत नाही. पण त्यांचा प्रश्न टाळताही येत नाही.

दुसरे टोक आपल्या शेजारी दिसले. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले. सुमारे ९३ हजार युद्धकैद्यांपैकी १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांसाठी खटले भरण्याचा बांगलादेशाचा निर्धार होता. ९ एप्रिल १९७४ रोजी दिल्लीत तीन देशांचा करार झाला आणि ते खटले सोडून देण्यात आले. उपखंडास शांती हवी होती, अडकलेल्या लाखो लोकांस घरी परतावयाचे होते; कारणे हलकी नव्हती. परंतु ज्या स्त्रियांवर त्या नऊ महिन्यांत अत्याचार झाले त्या दिल्लीच्या बैठकीस नव्हत्या. 'बीरांगना' ही पदवी त्यांना मिळाली होती, पण पुष्कळींना घराचे दार बंद झाले. त्यांच्यापैकी काहींना मुक्तियोद्ध्या म्हणून सरकारी मान्यता मिळू लागली ती २०१५ मध्ये. त्यांच्या वतीने क्षमा कोणी केली, आणि कोणत्या अधिकाराने?

५. शास्त्रलेखांची साक्ष

शास्त्रलेखांत या विषयावरील दोन प्रकरणे आमच्या व्यासपीठांवरून क्वचितच ऐकू येतात. पहिले २ शमुवेल २१. शौलाने करार मोडून गिबोनी लोकांची कत्तल केली होती. त्या पापामुळे तीन वर्षे दुष्काळ पडला, तेव्हा दाविदाने प्रथमच त्या पीडितांना बोलावून विचारले की तुमच्यासाठी मी काय करावे. येथपर्यंत दावीद आपल्या सर्व तहकारांच्या पुढे आहे. परंतु गिबोन्यांनी शौलाच्या वंशातील सात पुरुष मागितले आणि दाविदाने ते दिले. पीडितास विचारले, तरीही नवे पीडित निर्माण झाले. मग रिस्पा त्या प्रेतांपाशी गोणताट पसरून बसली. सातूच्या कापणीच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत तिने दिवसा पाखरांना व रात्री श्वापदांना त्यांच्याजवळ येऊ दिले नाही. तिने काहीच मागितले नाही. प्रेते मात्र कोणास विसरू दिली नाहीत. अखेरीस दाविदाने शौल व योनाथान यांच्या अस्थी आणविल्या आणि त्या सातांच्याही अस्थी गोळा करविल्या. त्यानंतर देवाने देशासाठी केलेली विनवणी ऐकली असे वचन सांगते. हा क्रम लक्षात घ्यावा. फाशीनंतर नव्हे, अस्थी मूठमाती पावल्यानंतर.

दुसरे प्रकरण २ इतिहास २८. इस्राएलाने यहूदाचा पराभव करून दोन लाख स्त्रिया व मुले बंदी करून शोमरोनास नेली. तेव्हा ओदेद नावाचा संदेष्टा विजयी सैन्यास सामोरा गेला आणि तुम्ही स्वतः परमेश्वरापुढे निर्दोष आहात काय, असे त्याने विचारले. एफ्राइमाचे काही प्रमुख त्याच्या बाजूस उभे राहिले. बंदिवानांना लुटीतूनच वस्त्रे, पायतणे, अन्नपाणी दिले गेले, त्यांना तेल लावले गेले, आणि जे अशक्त होते त्यांना गाढवांवर बसवून यरीहोस त्यांच्या भाऊबंदांकडे पोहोचविण्यात आले. तेल, गाढव, यरीहो आणि शोमरोनी माणूस : प्रभूने दयाळू शोमरोन्याचा दाखला सांगितला तेव्हा श्रोत्यांस हे प्रकरण आठवले असेल काय, असे वाटल्यावाचून राहत नाही.

ओदेद पराजितांचा संदेष्टा नव्हता. तो विजेत्यांचा होता. मंडळीचे स्थान येथे आहे असे आम्हांस वाटते. आपल्याच सैन्याच्या वाटेत उभे राहून आपल्याच दोषाची आठवण देणे, हे कार्य कोणत्याही तहात लिहिलेले नसते.

६. आपल्याविषयी

टीका स्वतःपाशी येऊन थांबली नाही तर ती ख्रिस्ती टीका नव्हे. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हा कापुचिन पंथाचे फादर अँब्रोझ यांच्या घरास त्यांनी धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्नियरने नोंदविले आहे. ही हकीकत आपणांस सुखावते, आणि ती महाराजांच्या औदार्याची साक्ष म्हणून सांगावी हे योग्यच. परंतु आपले घर वाचले एवढ्याने शहरास न्याय मिळाला असे होत नाही. त्या लुटीनंतर औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांची एका वर्षाची जकात माफ केली. ज्याच्यापाशी जकात लागण्याजोगा मालच नव्हता, त्यास त्या माफीचा काय लाभ?

पुढे १८०० मध्ये सुरतेचा संपूर्ण कारभार कंपनीकडे गेला आणि १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे सेवक तेथे आले. पेशवाईच्या अस्तानंतर तेरा वर्षांनी अमेरिकन मिशनने अहमदनगरास ठाणे केले. सुवार्ता विजेत्याच्या शांतीच्या रस्त्याने आली. ज्यांना कोणी शाळेत घेत नव्हते त्यांना तिने शाळेत घेतले, हे कृतज्ञतेने सांगावे. पण विजेत्याच्या वाटेत उभे राहणारा ओदेद आपल्या पूर्वसूरींत किती वेळा दिसला, हेही त्याच श्वासात विचारावे. दोन्ही विचारण्यात कृतघ्नता नाही.

पाळक व प्रचारक यांना तह करावयाचे नसतात. परंतु भाऊबंदकी, गावकी, दंगल यांनंतर समेटासाठी त्यांना वारंवार बोलावले जाते. डिसेंबर १९९२ मध्ये सुरतेने जे भोगले ते युद्ध नव्हते. पण त्यानंतरही मागे राहिलेले प्रश्न युद्धानंतरच्यांसारखेच होते. अशा वेळी आपण क्षमेचा उपदेश फार लवकर करतो, असे आम्हांस वाटते. पौलाने समेटाची सेवा आपणांस सोपविली आहे. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार सोपविलेला नाही. ज्याचे घर जळले तो बैठकीस आला आहे काय, हे आधी पाहावे. तो आला नसेल तर बैठक थांबवावी, अथवा निदान तेथे झालेल्या ठरावास समेट म्हणू नये. दंड सोडून द्यावा लागला तर तो सोडून दिला असे स्पष्ट म्हणावे. न्याय झाला असे म्हणू नये. आणि ज्यांचे मृत मोजले गेले नाहीत त्यांची नावे प्रार्थनेत घ्यावी, कारण रिस्पेचे काम अजून कोणी तरी करावयाचे आहे.

ऑलमन व विनराइट यांचा ग्रंथ वाचावा अशी आमची शिफारस आहे. विजेत्याने कसे वागावे हे तो चांगले शिकवितो. भेस्तानच्या स्थानकावरून सुरतेकडे पाहिले तर मात्र त्याच्या चार अंगांच्या आधी एक प्रश्न ठेवावासा वाटतो : या शांतीची किंमत कोणी भरली, आणि त्यास कोणी विचारले होते काय? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत मंडळीने विजयाच्या घंटा वाजविण्याची घाई करू नये.